एक हात, दोन कामं: मॅन्युअल फोकसची लांब लेन्स कशी पेलावी

गोव्यातल्या बऱ्याच घरांत कपाट आवरताना एखादी जुनी लांब लेन्स निघते. कुणाच्या तारवटी मामाने ऐंशीच्या दशकात परदेशी बंदरावर घेतलेली, कुणी आखातातून येताना आणलेली. ३०० एमएम, ४०० एमएम, अंगाने भक्कम, सगळी धातूची. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर ती अडॅप्टर लावून बसते. म्हणून लोक हौसेने ती घेऊन चोडणच्या पक्षी अभयारण्यात जातात, खंड्याचे शंभरेक फोटो काढतात आणि घरी येऊन संगणकावर बघतात तर एकही फोटो धारदार नाही. मग निष्कर्ष निघतो की लेन्सच खराब आहे.

काचेत बुरशी नसेल तर लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते. (बुरशीची शंका मात्र आधी फेडून घ्या. आपल्या पावसाळी दमटपणात वीस वर्षं चामड्याच्या डब्यात पडून राहिलेली लेन्स टॉर्चच्या उजेडात आरपार बघितल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालवू नका.) खरी अडचण असते ती डाव्या हाताची. ऑटोफोकस लेन्समध्ये डाव्या हाताला एकच काम, वजन पेलणं. जुन्या लेन्समध्ये तोच हात वजनही पेलतो आणि फोकसची रिंगही फिरवतो. पेलायचं तर हात घट्ट आणि स्थिर हवा, फिरवायचं तर सैल आणि हलता हवा. लांब लेन्स धरण्याच्या, टेकवण्याच्या जेवढ्या युक्त्या आहेत, त्या सगळ्या या एका हाताचं ओझं हलकं करण्यासाठी आहेत. कुठलंही साधन विकत घेण्याआधी एवढंच विचारावं: याने माझा डावा हात मोकळा होतो का?

आधी किती थोड्या हालचालीने बिघाड होतो ते पाहू. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या सहा भागांएवढा. समजा ४०० एमएमची लेन्स आहे आणि तिची प्रत्यक्ष लांबी ३० सेंटिमीटर आहे. शटर उघडं असताना तिचं पुढचं टोक केसाच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण ७० मायक्रॉन खाली झुकलं, तर सेन्सरवरचं चित्र पंधराएक पिक्सेल सरकतं. पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पंधरा पिक्सेल ओढला गेला की तो ठिपका राहत नाही, रेघ होते. आणि निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरत असतो. हा दोष वयाचा किंवा चहाचा नाही, स्नायू चालतातच तसे.

म्हणूनच शटरस्पीडचा जुना नियम आहे: एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा). ४०० एमएमला निदान १/४००, म्हणजे व्यवहारात १/५००. पण हा नियम फिल्मच्या जमान्यातला, मध्यम आकाराच्या प्रिंटच्या हिशेबाने ठरलेला आहे. आज आपण स्क्रीनवर चित्र शंभर टक्के मोठं करून बघतो, त्यामुळे त्याच्या दुप्पट, १/१००० धरलेलं बरं. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर दीडपट आणखी. पक्षी उडत असेल तर आपल्या थरथरीपेक्षा त्याच्या पंखांची चिंता मोठी. तिथे १/२००० च्या खाली मी तरी जाणार नाही.

एवढा वेग मिळेल का, हे जागेवर अवलंबून आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर सकाळच्या लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ५.६ ठेवलं तर सहज १/३२०० मिळतो. तिथे हातात धरूनही काम होतं. मोले किंवा बोंडलाच्या रानात, गर्द सावलीत प्रकाश सहा स्टॉपने (दर स्टॉपला निम्मा) सहज खाली येतो आणि तोच हिशेब १/५० वर उतरतो. धनेश समोर बसला असला तरी १/५० ला ४०० एमएम हातात धरणं म्हणजे नशिबावर हवाला. आयएसओ वाढवा, टेकू शोधा, दोन्ही करा. थोडे रवाळ दिसणारे फोटो चालतात. हललेले चालत नाहीत.

आता फोकसकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे आणि बहुतेक लोक ती वेगळी मोजतात. ४०० एमएम, एफ ५.६ वर दहा मीटर अंतरावर जेवढा भाग धारदार दिसतो त्याची खोली साधारण २० सेंटिमीटर. पाच मीटरवर ती पाच सेंटिमीटर उरते, आणि कडक नजरेने पाहिलं तर त्याच्या निम्मीच. उभा माणूस स्वतःच्या नकळत पुढेमागे डुलत असतो, हातात जड वस्तू असेल तर जास्तच. म्हणजे तुम्ही खंड्याच्या डोळ्यावर अगदी बरोबर फोकस केलात, शटरवर बोट नेलंत, तेवढ्यात अंग दोन सेंटिमीटर मागे गेलं की डोळा फोकसबाहेर. सतत चालणारा ऑटोफोकस असतो तेव्हा ही चूक कॅमेरा गुपचूप सुधारत राहतो. तुमच्या लेन्समध्ये ते करणारं कुणी नाही. टेकू हवा तो केवळ चित्र हलू नये म्हणून असं समजू नका. ठरवलेलं अंतर ठरल्या जागी राहावं म्हणूनही तो हवा.

त्यामुळे फोटो बिघडला की आधी कशाने बिघडला ते ओळखायला शिका. चित्रातले सगळे चमकते ठिपके एकाच दिशेला ओढले गेले असतील तर हात हलला. पक्षी धूसर पण त्याच्या पुढची किंवा मागची खारफुटीची पानं लख्ख असतील तर फोकस चुकला. फांदी लख्ख, डोकं लख्ख, पंखांचाच फराटा, तर शटरस्पीड कमी पडला. आणि सगळंच थोडं मऊ, पाण्यातून पाहिल्यासारखं लहरी दिसत असेल तर ती गरम हवा आहे. तिच्याबद्दल पुढे बोलू. चारही दुखण्यांवर औषध वेगळं. फोकस चुकत असताना महागडा ट्रायपॉड घेणारे लोक मी पाहिले आहेत.

हातात धरायची रीत अशी. डावा तळवा वर करून लेन्सच्या खाली, जिथे कॅमेऱ्यासकट तिचा तोल साधतो तिथे. वजन तळव्याच्या टाचेवर येऊ द्या, बोटांवर नको. अंगठा आणि पहिली दोन बोटं रिंगसाठी मोकळी राहिली पाहिजेत. नेमकं इथेच प्रत्येक लेन्सचा स्वभाव कळतो. ज्यांची रिंग तोलाच्या जागेजवळ आहे आणि आतल्या आत फोकस होतो, उदाहरणार्थ निकॉनची ४०० एमएम एफ ५.६ ईडी-आयएफ, त्या एका बोटाने फिरतात आणि फोकस करताना लांबी बदलत नाही. ज्यांचा पुढचा भाग जवळच्या फोकसला पुढे सरकतो, त्यांत तोलही पुढे सरकतो आणि तळवाही सरकवावा लागतो. शिवाय जुनं ग्रीस घट्ट झालेलं असेल तर रिंग फिरवण्याच्या जोरानेच चित्र फ्रेमबाहेर जातं. अशी लेन्स जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घेणं हा कुठल्याही ट्रायपॉडपेक्षा चांगला खर्च.

डावं कोपर छातीला टेकवा. भरलेली कळशी हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा भरून येतो, आणि तीच कमरेवर घेतली की बायका गप्पा मारत घरी पोचतात, लेन्सचंही तसंच. उजवा हात कॅमेरा फक्त ओढून कपाळाशी धरतो, वजन घेत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला टेकलेला. मागच्या स्क्रीनकडे बघत ४०० एमएम हातात धरणं सोडून द्या. कपाळाचा तिसरा टेकू गेला की बाकी सगळं व्यर्थ. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक किंचित पुढे. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि बटण दाबायचं, टोचायचं नाही. तीन-चार फ्रेमची छोटी सर सोडली तर मधल्या फ्रेम सहसा पहिलीपेक्षा स्थिर येतात, कारण बोट दाबण्याचा धक्का पहिलीतच जिरतो.

बसता आलं तर बसाच. दोन्ही गुडघे उभे, दंडाचा कोपरामागचा मऊ भाग गुडघ्यावर. हाडावर हाड टेकवू नका, ते घसरतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर बसून अशा पद्धतीने जे साधतं ते उभ्याने साधत नाही, आणि पक्षीही कमी बुजतात. उभंच राहायचं असेल तर माडाला खांदा लावा.

जड लेन्स हलकीपेक्षा हातात जास्त स्थिर राहते, हे ऐकायला उलटं वाटेल. पण वस्तुमान जास्त असलं की बारीक थरथर त्यात मुरते. ५०० एमएम एफ ८ ची आरशाची लेन्स (आतल्या आरशांनी प्रकाश वळवणारी) आखूड आणि हलकी असल्याने सगळ्यांना मोह पाडते, पण ती पिसासारखी थरथरते. शिवाय तिचं छिद्र कायम एफ ८, मागच्या धूसर प्रकाशाच्या जागी कडी उमटतात ती वेगळीच. अर्थात जड लेन्सचा हा फायदा पहिली काही मिनिटंच. स्नायू दमले की तीच लेन्स वैरीण होते. म्हणून डोळ्याला सतत लावून ठेवू नका. पक्षी काही करत नसेल तेव्हा खाली घ्या.

कॅमेऱ्यात सेन्सर हलवून स्थिरता देणारी सोय असेल तर मेन्यूत जाऊन लेन्सची फोकल लेंग्थ स्वतः भरा. जुन्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलता येत नाही, त्यामुळे आधीची ५० एमएमची नोंद तशीच राहिली तर सेन्सर फारच थोडा हलतो आणि उपयोग होत नाही. बरोबर आकडा भरला तरी चमत्काराची अपेक्षा नको. तेवढ्याच कोनाच्या थरथरीला ४०० एमएमवर सेन्सरला ५० एमएमच्या आठपट सरकावं लागतं, आणि सरकायला जागा मर्यादित असते. मात्र व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत होतं, आणि मॅन्युअल फोकस करणाऱ्याला तीच मोठी मदत.

फोकस ओळखायचा कसा? चित्र मोठं करून बघणं सर्वांत खात्रीचं, पण हातात धरलेल्या लेन्सवर ते इतकं नाचतं की पक्षी सापडतच नाही. ती युक्ती टेकू असतानाची. कडा रंगवून दाखवणारं पीकिंग वेगवान आहे. पण मांडवीच्या चमकत्या लाटांवर ते सगळीकडे रंग सांडतं आणि पक्ष्याचा डोळा त्यात हरवतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतला मधला दुभंगलेला गोल एफ ५.६ आणि त्याहून मंद लेन्सवर अर्धा काळा पडतो. त्याच्याभोवतीच्या दुधी काचेवर फोकस करायचा.

आणखी एक फसगत. दूरचं सगळं धारदार हवं म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवण्याची सवय अनेकांना असते. ईडी काचेच्या (रंग फाटू न देणाऱ्या खास काचेच्या) आणि आरशाच्या लांब लेन्सची रिंग मुद्दामच अनंताच्या खुणेपलीकडे जाते, कारण उष्णतेने काच आणि धातू पसरले की फोकसची जागा बदलते. उन्हात तापलेल्या लेन्सवर तर हे हमखास. अनंतसुद्धा डोळ्यांनीच साधायचा. निकॉनची रिंग आणि कॅननची रिंग उलट्या दिशांना फिरतात, त्यामुळे दोन्ही घराण्यांच्या लेन्स वापरणाऱ्याचा हात ऐन वेळी चुकतो. एकाच घराण्याला चिकटून राहावं, हा माझा आग्रह.

उडणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग फोकसने करणं कठीण; त्यापेक्षा सापळा लावा. खंड्या पुन्हा पुन्हा त्याच काठीवर येतो, मानशीच्या (खाजनातलं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) फळ्यांवर बगळा ठरावीक जागी उतरतो. त्या जागेवर आधी फोकस करून ठेवा, रिंगवरून हात काढा, आणि तो हात पूर्णपणे पेलण्याच्या कामी लावा. डाव्या हाताची दोन कामं इथे वेळेत विभागली जातात. जवळच्या, बसलेल्या पक्ष्यासाठी रिंग न छेडता अंगच किंचित पुढे झुकवत तीन-चार फ्रेम सोडल्या तर एखादी बरोबर डोळ्यावर पडते. डुलणं टळत नसेल तर ते कामाला लावायचं.

एका हाताचं हे दुखणं लेन्स बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्सने पिस्तुलासारखी मूठ दिली. ती आवळली की फोकस सरकतो, म्हणजे धरणं आणि फोकस करणं एकाच हालचालीत. लायकाच्या ४०० एमएम एफ ६.८ टेलीटमध्ये रिंगच नाही, नळी पुढेमागे सरकवायची. सोव्हिएत 'फोटोस्नायपर'मध्ये झेनिट कॅमेरा आणि ३०० एमएमची ताईर लेन्स बंदुकीच्या दस्त्यावर बसवलेली असते. दस्ता खांद्याला, खाली फोकसचं मोठं चाक, बोटाखाली चाप. कल्पना उत्तम, फक्त ती घेऊन दाबोळीच्या बाजूला फिरू नका. तिथला विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, आणि बंदुकीसारखं काही खांद्याला लावलेला माणूस तिथे कुणालाच आवडणार नाही. साधा खांद्याचा दस्ता मात्र सुताराकडून लाकडात करून घेता येतो. वजन खांद्यावर गेलं की डावा हात बराच मोकळा होतो.

मोनोपॉड, म्हणजे एकपायी काठी, हा माझ्या मते या लेन्सचा सर्वांत चांगला जोडीदार. तो सगळं वजन घेतो आणि फक्त कलणं तुमच्यावर सोडतो. कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या कॉलरला (नळीभोवतीच्या कड्याला) बसवा. कॅमेऱ्याला बसवला तर पूर्ण लेन्सचा भार माउंटवर आणि अडॅप्टरवर लोंबतो. पाय फाकवून काठी किंचित पुढे रोवा आणि तिच्यावर हलकं रेला, म्हणजे दोन पाय आणि एक काठी मिळून तिवई होते. खाजनाच्या चिखलात बारीक टोक खाली जात राहतं, तिथे नारळाच्या सोडणाचा तुकडा खाली ठेवला तर काम भागतं.

गाडीतून फोटो काढायचे तर धान्याची पिशवी. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, आत उकडे तांदूळ. काचेच्या कडेवर ठेवून लेन्स त्यात रुतवली की ती धरावी लागतच नाही, हात फक्त रिंगवर. इंजिन बंद करा, एसीसुद्धा. पावसाळ्याआधी तांदूळ काढून घ्या, नाहीतर सोंडे आधी पोचतील. कुरमुरे भरून पिशवी हलकी करण्याचा विचार कुणी करत असेल तर नको. पिशवीचा उपयोगच तिच्या वजनात आहे.

ट्रायपॉड करमळीच्या तळ्यासारख्या ठिकाणी, जिथे अडया आणि जांभळ्या पाणकोंबड्या दूर असतात आणि तुम्ही तासभर हलणार नाही. मधली दांडी वर काढू नका. बॉल हेडवर (गोळ्यावर फिरणाऱ्या बैठकीवर) लांब लेन्स कलली की एकदम कोसळते आणि सावरायला पुन्हा डावाच हात लागतो. गिंबल हेडवर ती तोलात लटकते, सोडाल तिथे राहते. १/६० ते १/४ या टप्प्यात डीएसएलआरचा आरसा उचलला जाण्याचा धक्का सर्वांत नडतो. आरसा आधी वर लॉक करा, किंवा लेन्सच्या वर तळवा ठेवून थरथर दाबा. हुड वाऱ्यात शिडाचं काम करतं, आणि किनाऱ्यावर दुपारकडे समुद्रावरचा वारा वाढतोच. सकाळ बरी.

पाण्यावर सगळे नियम उलटतात. रायबंदर ते चोडण फेरीबोटीत कठड्याला कोपर टेकवलं की इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये उतरते. टेकूच इथे शत्रू. गुडघे सैल ठेवून मधोमध उभं राहायचं, शरीरालाच धक्के शोषू द्यायचे. चोडणच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यातल्या अरुंद खाड्यांत किंवा कुंभारजुवे कालव्यात मगर पाहायला छोट्या होडीतून जाल तेव्हा ट्रायपॉड घरीच बरा. मांडीवर धान्याची पिशवी, तिच्यावर लेन्स, आणि होडीवाल्याला विनंती की इंजिन बंद करून वाहत्या पाण्यावर होडी सोडा. होडी सरकत असते, म्हणजे अंतर सतत बदलतं. फोकस मगरीच्या डोळ्याच्या किंचित अलीकडे ठेवून तिची वाट पाहणं जास्त सोपं.

राहिली गरम हवा. सुकूरच्या पठारावर किंवा ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा लहरायला लागते. शंभर मीटरवरचा शेकाट्या मग कुठल्याही लेन्सने, कुठल्याही टेकूवर, कुठल्याही शटरस्पीडला धारदार येत नाही. फोकस करताना तो आत-बाहेर सरकल्यासारखा दिसतो आणि माणूस रिंगशी झगडत बसतो. अशा वेळी जवळचा पक्षी शोधा, किंवा सामान आवरून चहा प्यायला जा.